गव्हर्नरचा बिल्ला

बिल्ला पत्र्याचा. रुपयाएवढा.
मागची टाचणी इतकी गंजलीय की आता टोचतही नाही.
पुढे एक माणूस, टाय लावलेला,
केस पाण्याने चापून बसवलेले,
दात न दाखवता हसणारा.
खाली नाव: टॉलिव्हर.
माझ्या मुलांना विचारा, कोण हा?
सांगतील, आजोबांचा कुणीतरी.

माझे वडील, पुंजाजी गायधनी,
नाशिक रोडच्या छापखान्यात डिंकाच्या मशीनवर.
लोक जी तिकिटं जिभेने ओली करायचे
त्यांची चव आधी आमच्या घराला ठाऊक.
भोंगा झाला की गेटवर खिसे उलटे,
चपला झटकायच्या, डबा उघडून दाखवायचा.
बाहेर काही आणता यायचं नाही.
बोटांचा वास तेवढा आणायचे,
त्याची झडती नसे.

शरणपूरचे साळवे मास्तर वर्गात पत्ते वाटायचे,
परदेशी मित्र जोडा, इंग्रजी सुधारेल.
मला मिळाली लॉइस टॉलिव्हर.
वय तेरा. छंद: तिकिटं, घोडा.
आणि "माझे वडील यंदा गव्हर्नरला उभे आहेत."

आई म्हणाली, गव्हर्नर म्हणजे लाटसाहेब ना?
तो तर वरून येतो.
उभा कशाला राहील?

वडील जेवता जेवता थांबले.
बावन्न सालच्या मतपत्रिका इथेच छापलेल्या,
रिमांवर रिमं, रात्रपाळ्या लावून.
तेव्हापासून निवडणूक म्हटलं की
ते जरा मालकासारखे बोलायचे.
म्हणाले, विचार तिला,
कागद कुठल्या वजनाचा वापरतात?

उत्तरात कागदाबद्दल अवाक्षर नाही.
नुसता हा बिल्ला.
वडिलांनी तो दिव्याखाली तिरपा धरला.
"छपाई बरीय. लाल जरा सरकलाय."

नोव्हेंबरात, एका मंगळवारी, तिकडे मतदान.
त्या दिवशी आमच्या नळाला पाणी नव्हतं,
मला एवढंच आठवतं.
निकाल आला संक्रांतीला, निळ्या शाईत:
"बाबा पडले. नऊशे चौदा मतांनी.
रात्री त्यांनी रेडिओवर दुसऱ्याचं अभिनंदन केलं.
सकाळी शिडी घेतली आणि
खांबाखांबावरून आपलेच फोटो काढत फिरले.
मी शिडी धरली."

शेवटची ओळ वडिलांनी दोनदा वाचायला लावली.
मग म्हणाले, लिही,
हरणाऱ्याची मतं न् जिंकणाऱ्याची
आम्ही एकाच रिमातून कापतो.
मला ते इंग्रजीत जमेना.
मास्तरांनी "वी आर सॉरी" लिहून दिलं.

साठ साली वडील स्वतः उभे राहिले,
कामगारांच्या पतपेढीला.
सदऱ्याच्या खिशावर हा बिल्ला.
जेल रोडला, देवळाली गावात लोक विचारायचे,
पुंजाजी, हा कोण साहेब?
"आपल्यातलाच. थोडक्यात गेला बिचारा."
धोंडीराम म्हणाला, अरे, पडलेल्याचा बिल्ला लावून
कुणी मतं मागतं का?
ऐकलं नाही.
अकरा मतांनी गेले.

पहाटे मला उठवलं.
बादली, खराटा, शेजारच्या रंगाऱ्याची शिडी.
दत्त मंदिरापासून प्रेसच्या गेटापर्यंत
भिंतीवर आपलंच नाव ओलं करत,
नखाने कड उचलत, सोलत गेले.
खळ स्वतः शिजवलेली,
निघता निघेना.
"पुंजाजी"तला "पुं" तर राहिलाच,
पुढची दोन वर्षं, सायकलच्या दुकानाच्या बाजूला.
त्यांनी मागे वळून विचारलं,
तिकडची शिडी लाकडी होती का रे?
मला कुठे ठाऊक.
मी धरून उभा होतो.

लॉइसला हे सगळं कळवलं.
पत्र पाच महिन्यांनी परत आलं,
पत्ता सापडत नाही, असा जांभळा शिक्का.
त्यावरचं तिकीट आमच्याच मशीनचं,
बोटीने जाऊन आलेलं,
एक कोपरा सुटलेला.

वडिलांनी तो जिभेने ओला केला
आणि अंगठ्याने
पुन्हा दाबून बसवला.